पुस्तिका एकटी घेऊ नका, तिचा वाद घ्या

वाचकाचं पत्र

मी पेन्सिल्व्हेनियात नोकरी करतो. मुलीच्या शाळेतल्या इतिहासाच्या प्रकल्पामुळे अमेरिकी क्रांतीच्या काळातल्या राजकीय पुस्तिका वाचायला लागलो आणि आता त्या मूळ स्वरूपात जमवाव्यात असं मनाने घेतलं आहे. वर्षाला दोन-अडीच हजार डॉलर बाजूला काढू शकतो. ऑनलाइन एका विक्रेत्याने, अमेरिकेने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावं असं मांडणाऱ्या टॉमस पेनच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेची १७७६ची ‘मूळ प्रत’ नऊशे डॉलरला देऊ केली आहे. फोटोत कागद गडद तपकिरी दिसतो, चुरा होईल असा, आणि कडा करपल्यासारख्या. घ्यावी का? कॅटलॉगमध्ये बऱ्याच पुस्तिका ‘बांधणीतून सोडवलेल्या’ असं लिहिलेलं असतं, त्या टाळाव्यात का? फ्रेंच क्रांतीच्या पुस्तिका स्वस्त मिळतात म्हणे, तिकडे वळावं का? पत्नी म्हणते, घ्यायचीच असेल तर लॅमिनेट करून, फ्रेम करून भिंतीवर लावू या. तिची आणखी एक शंका आहे: उद्या ती चोरीची निघाली तर?

उत्तर

नऊशे डॉलरची ती प्रत घेऊ नका. विक्रेत्याशी घासाघीसही करू नका.

पहिलं कारण कागद. १७७६ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये छपाईचा कागद तागाच्या आणि सुती चिंध्या कुटून, लगदा करून, चौकटीच्या जाळीवर एकेक ताव हाताने उचलून बनवत. लाकडाच्या लगद्याचा कागद प्रचारात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोच आम्लामुळे तपकिरी पडतो आणि बोटात मोडतो. अडीचशे वर्षांची पुस्तिका हातात घेतली की नवख्या माणसाला पहिला धक्का बसतो तो तिच्या तब्येतीचा. कागद मऊ, चिवट, फिकट पिवळसर. त्यावर बुरशीचे तांबूस ठिपके असतील, एखाद्या कोपऱ्यात ओलीचा डाग असेल, पण पान दुमडलं तर तुटत नाही. १९१०चं वर्तमानपत्र तिच्यापेक्षा कितीतरी म्हातारं दिसतं. करपलेल्या कडा आणि सगळीकडे सारखा तपकिरी रंग ही स्मरणवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींची खूण आहे. १९७६ साली स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला अशा प्रतिकृतींचा अमेरिकेत पूर आला होता. त्यातल्या बऱ्याच आता घरोघरच्या माळ्यांवरून खाली येतात आणि ‘आजोबांच्या पेटीत सापडली’ या गोष्टीसकट विकल्या जातात. २०२६च्या अडीचशेव्या वर्षाने बाजारात नवे, उत्साही, अननुभवी ग्राहक आणले आहेत, त्यामुळे सध्या जास्तच सावध राहा.

दुसरं कारण किंमत. ‘कॉमन सेन्स’ची पहिली आवृत्ती लिलावात आली की बोली लाखो डॉलरांत जाते. ती नऊशेला मिळत असेल तर ती ती नाही.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विक्रेता ‘१७७६ची मूळ प्रत’ म्हणतो, पण कोणती ते सांगत नाही. त्या एका वर्षात ‘कॉमन सेन्स’ अनेक गावांत, अनेक छापखान्यांत छापली गेली. १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात थर्ड स्ट्रीटवरच्या रॉबर्ट बेलने ती लेखकाचं नाव न घालता पहिल्यांदा विकायला काढली, किंमत दोन शिलिंग. नफ्यावरून पेनचं आणि बेलचं बिनसलं. पेनने मजकुरात भर घालून पुस्तिका त्याच शहरातल्या विल्यम आणि टॉमस ब्रॅडफर्ड यांच्याकडे नेली. बेल ऐकणारा नव्हता. त्याने पेनला न विचारता आपली आवृत्ती पुन्हा छापली आणि दुसऱ्यांचे लेख जोडून ‘मोठी भर’ म्हणून विकली. न्यूयॉर्क, बॉस्टन, न्यूपोर्ट, प्रॉव्हिडन्स इथल्या मुद्रकांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. फिलाडेल्फियातच स्टाइनर आणि सिस्ट यांनी जर्मन भाषांतर छापलं, कारण पेन्सिल्व्हेनियात जर्मन बोलणारे शेतकरी भरपूर होते. या प्रत्येकीची पानसंख्या, शीर्षकपान आणि बाजारातली किंमत वेगळी. जो विक्रेता मुद्रकाचं नाव, गाव आणि पानांचा हिशेब देत नाही, त्याच्याकडून ‘मूळ’ या शब्दापलीकडे तुम्हाला काहीच मिळत नाही.

पुढे कधीही एखादी पुस्तिका समोर आली तर फोटो कोणते मागायचे ते सांगते. शीर्षकपान सरळ प्रकाशात. एक पान मागून उजेड सोडून. एक ओळ अगदी जवळून, तिरक्या प्रकाशात. मागच्या उजेडात हातकागदात जाळीच्या बारीक, जवळजवळच्या रेषा दिसतात आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण बोटभर अंतरावरच्या ठळक रेषा दिसतात. ताव तीनदा दुमडून आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं, केलेली असतील तर या ठळक रेषा पानावर उभ्या यायला हव्यात आणि जलचिन्ह (कागद बनवणाऱ्याची उजेडात दिसणारी खूण) असेल तर शिवणीजवळ वरच्या बाजूला तुटक दिसायला हवं. दोनदाच दुमडलेल्या, चौकोनी आकाराच्या पुस्तिकेत त्याच रेषा आडव्या येतात. तिरक्या प्रकाशात खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांनी, कागदात केलेला दाब दिसतो, पानाच्या मागच्या बाजूला बोटालाही जाणवतो. अक्षराच्या जुन्या वळणावर विसंबू नका. ‘एफ’सारखा दिसणारा लांब ‘एस’, पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द, तावांचा क्रम लावण्यासाठी छापलेल्या खुणेच्या अक्षरांत ‘जे’ नसणं, हे सगळं खरं आहे, पण फोटो काढून केलेल्या प्रतिकृतीतही ते जसंच्या तसं उतरतं. उतरत नाही तो दाब. शिवाय प्रतिकृतीत मूळ प्रतीवरचा डागही छापून येतो. भिंगाखाली तो डाग शाईच्या ठिपक्यांचा दिसला की चौकशी तिथेच थांबवायची.

कागद खरा असला म्हणजे सगळं खरं, असं मात्र नाही. १९८५ साली मार्क हॉफमन नावाच्या माणसाने ‘ओथ ऑफ अ फ्रीमन’ हे एकपानी पत्रक पुढे आणलं. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये छापल्याची नोंद असलेलं, पण एकही प्रत न उरलेलं असं ते पत्रक होतं. पंधरा लाख डॉलरला ते लायब्ररी ऑफ काँग्रेसला आणि नंतर अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीला देऊ केलं गेलं. त्याने जुना कागद वापरला होता, शाई स्वतः बनवली होती आणि जुन्या छपाईच्या प्रतिकृतीतली अक्षरं जुळवून धातूची प्लेट तयार करून घेतली होती. जाणकारांच्या तपासण्यांतून ते पत्रक बऱ्यापैकी सुटलं होतं. हॉफमनचं बिंग फुटलं ते त्याने केलेल्या खुनांच्या तपासात. तुमच्या आवाक्यातली पुस्तिका एवढा खटाटोप करून कुणी बनवणार नाही, त्यात कष्टाएवढे पैसे सुटत नाहीत. पण कागदाइतकंच ‘ही इथवर कुठून आली’ हे विचारायचं असतं, हे या प्रकरणातून पक्कं लक्षात ठेवा. त्याकडे पुढे येतेच.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण ज्यावर तुमचा सगळा संग्रह उभा राहील, ते. काय जमवायचं?

बहुतेक जण प्रसिद्ध नावांची यादी करतात आणि एकेक नाव खोडत जातात. पेन, जेफरसन, हॅमिल्टन, डिकिन्सन. दोन-अडीच हजारांत त्या यादीतलं एकही नाव चांगल्या स्थितीत मिळणं कठीण आहे आणि मिळालंच तरी तुमच्याकडे एक सुटी, मुकी वस्तू येते. या पुस्तिका मुळात एकेकट्या नव्हत्याच. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत १७७६च्या अखेरपर्यंत इंग्लंडशी चाललेल्या झगड्याबद्दल चारशेहून अधिक पुस्तिका छापल्या गेल्या, असं इतिहासकार बर्नार्ड बेलिन यांनी मोजलं आहे. दहा ते पन्नास पानं, कडेला दोऱ्याचे दोन-तीन टाके, कव्हर नाही, लेखकाचं नाव बहुधा नाही. एकाने लिहायचं, दुसऱ्याने काही आठवड्यांत उत्तर छापायचं, तिसऱ्याने उत्तराला उत्तर. यातल्या एकाच बाजूची पुस्तिका घेऊन बसणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्याचं अर्धंच बोलणं ऐकणं. म्हणून माझा सल्ला असा: एक वाद निवडा, छोटा निवडा, आणि त्याच्या दोन्ही बाजू जमवा.

वादाच्या दोन्ही बाजू किती जवळ नांदत होत्या ते पाहा. ‘कॉमन सेन्स’ छापणाऱ्या बेलनेच दोन महिन्यांत तिच्याविरुद्धची ‘प्लेन ट्रुथ’ ही पुस्तिका छापली. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रिव्हिंग्टनने राजनिष्ठ, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्या, पाद्री सॅम्युएल सीबरीची ‘वेस्टचेस्टरचा शेतकरी’ या टोपणनावाची पत्रं छापली आणि त्यांना उत्तर देणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या कोवळ्या विद्यार्थ्याच्या पुस्तिकाही त्यानेच छापल्या. पुढे नोव्हेंबर १७७५मध्ये स्वातंत्र्यवाद्यांच्या जमावाने रिव्हिंग्टनचा छापखाना उद्ध्वस्त केला. १७७६च्या वसंतात न्यूयॉर्कचाच मुद्रक सॅम्युएल लाउडनने ‘कॉमन सेन्स’ला राजनिष्ठ पाद्री चार्ल्स इंग्लिसने दिलेलं उत्तर छापलं, तेव्हा जमावाने त्याच्या घरातून प्रती उचलून जाळल्या. राजनिष्ठांच्या पुस्तिका आज दुर्मिळ का, याचं एक उत्तर तिथे आहे. हरलेल्या बाजूची पुस्तिका कुणी जपून ठेवत नाही, आणि जिंकलेल्यांनी ती जाळलेलीही असते. म्हणून संधी मिळाली तर हरलेल्या बाजूची आधी घ्या.

तुमच्या खिशाला झेपतील असे दोन वाद सुचवते.

पहिला बॉस्टनचा. ५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश सैनिकांनी बॉस्टनमध्ये जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं मेली. १७७१पासून १७८३पर्यंत दर वर्षी त्या तारखेच्या स्मरणार्थ शहराने एका वक्त्याला बोलावलं आणि त्याचं भाषण पुस्तिका म्हणून छापलं. एकूण तेरा भाषणं. १७७१ला जेम्स लव्हेल, १७७२ला डॉक्टर जोसेफ वॉरन, १७७३ला बेंजामिन चर्च, १७७४ला जॉन हॅन्कॉक, १७७५ला पुन्हा वॉरन. पुढे काय झालं हे ठाऊक असताना ही भाषणं वाचावीत. चर्च, ज्याने स्वातंत्र्यासाठी एवढं आवेशाने भाषण केलं, तो १७७५मध्ये ब्रिटिशांना खबरा पुरवताना पकडला गेला. वॉरन दुसऱ्या भाषणानंतर साडेतीन महिन्यांच्या आत बंकर हिलच्या लढाईत पडला. १७७६चं भाषण बॉस्टनमध्ये झालंच नाही. शहर अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, म्हणून पीटर थॅचर ते जवळच्या वॉटरटाउनला बोलला आणि छापणारा बेंजामिन ईडिसही छापखाना घेऊन वॉटरटाउनलाच आलेला होता. ईडिस आणि त्याचा भागीदार गिल हे बॉस्टनच्या बंडखोरांचे मुद्रक. पुस्तिकेच्या शीर्षकपानावर ‘बॉस्टन’च्या जागी ‘वॉटरटाउन’ हे एवढंच दिसतं, पण वेढ्यात अडकलेलं अख्खं शहर त्या एका ओळीत आहे. युद्ध संपलं आणि १७८३पासून ५ मार्चची जागा ४ जुलैच्या भाषणाने घेतली. तेरा पुस्तिका, एक शहर, बारा वर्षं आणि स्पष्ट शेवट. वॉरन आणि हॅन्कॉक महाग पडतील, ते शेवटी घ्या. १७७७नंतरच्या वक्त्यांना आज फारसं कुणी ओळखत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा. मात्र यातल्या काही भाषणांच्या त्याच वर्षी एकाहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि १७८५मध्ये ती सगळी एकत्र पुस्तकरूपानेही छापली गेली. कुणी त्या पुस्तकातली पानं फाडून सुटी पुस्तिका म्हणून दिली तर पृष्ठक्रमांक एकपासून सुरू होत नाहीत, एवढं पाहून घ्या.

दुसरा वाद लंडनचा, आणि खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर इथूनच सुरुवात केली असती. अमेरिकेच्या प्रश्नावर इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तिका वसाहतींतल्या पुस्तिकांपेक्षा मोठ्या संख्येने निघाल्या, जास्त टिकल्या आणि सर्वसाधारणपणे पुष्कळ स्वस्त मिळतात. १७७५मध्ये सॅम्युएल जॉन्सन, तोच कोशकार, सरकारच्या बाजूने ‘टॅक्सेशन नो टिरनी’ लिहितो. त्याच वर्षी मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली ‘अ काम ॲड्रेस टु अवर अमेरिकन कॉलनीज’ काढतो आणि त्यात जॉन्सनचाच मजकूर नाव न घेता थोडक्यात उतरवतो. लगेच ऑगस्टस टॉपलेडी हा पाद्री वेस्लीची चोरी चव्हाट्यावर मांडणारी पुस्तिका छापतो. १७७६मध्ये रिचर्ड प्राइस वसाहतींच्या बाजूने ‘ऑब्झर्व्हेशन्स ऑन द नेचर ऑफ सिव्हिल लिबर्टी’ लिहितो. तिच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघतात आणि वेस्ली, ॲडम फर्ग्युसन आणि कितीतरी निनावी लोक तिच्यावर तुटून पडतात. प्राइसच्या नंतरच्या आवृत्त्या आणि त्याच्यावरच्या उत्तरांची एक ओळ काही वर्षांत तुमच्या बजेटमध्ये उभी राहू शकते. मग मुलीला एका टेबलावर त्या मांडून ‘हा काय म्हणाला, तो काय म्हणाला’ दाखवता येईल.

लंडनच्या ‘कॉमन सेन्स’बद्दलही सांगायलाच हवं, कारण संग्राहकाला वेड लावेल अशी ती गोष्ट आहे. १७७६मध्ये जॉन आल्मनने ती लंडनला छापली, तेव्हा राजाबद्दलची जहरी वाक्यं छापली तर राजद्रोहाचा खटला झाला असता. त्याने त्या जागा कोऱ्या सोडल्या. त्या काळच्या काही वाचकांनी अमेरिकन प्रत कुठून तरी मिळवून ते गाळलेले शब्द पेनाने आपल्या प्रतीत भरले. अशी भरलेली प्रत आज तुमच्या पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये बसणार नाही, पण नजरेसमोर ध्येय ठेवायचं असेल तर फिलाडेल्फियाच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा मी हिच्याकडे बोट दाखवीन.

तुम्हाला दोन पुस्तकांची ओळख हवी. टॉमस आर. ॲडम्स यांची ‘अमेरिकन इंडिपेन्डन्स : द ग्रोथ ऑफ ॲन आयडिया’ (१९६५) ही वसाहतींत १७६४ ते १७७६मध्ये छापलेल्या राजकीय पुस्तिकांची सूची आहे, आणि त्यांचीच ‘द अमेरिकन कॉन्ट्रोव्हर्सी’ (१९८०) ब्रिटिश बाजूची. कोणती पुस्तिका कुणाच्या उत्तरादाखल आली, तिच्या किती आवृत्त्या, प्रत्येकीत पानं किती, हे तिथे सापडतं. विक्रेते वर्णनात ‘इव्हान्स’ आणि पुढे एक आकडा लिहितात तो चार्ल्स इव्हान्स यांच्या अमेरिकी छपाईच्या सूचीतला क्रमांक. त्या क्रमांकावरून तुमच्या समोरची पुस्तिका पूर्ण आहे की अपुरी, हे पडताळता येतं.

बांधणीतून सोडवलेल्या प्रतींना घाबरू नका. पुस्तिका टाके घालूनच विकल्या जात. ज्याला त्या ठेवायच्या असत तो आठ-दहा साठल्या की एकत्र चामड्यात बांधून घेई. पुढे विक्रेत्यांनी तसे खंड फोडून पुस्तिका सुट्या विकल्या. म्हणून कडेला जुन्या गोंदाचे आणि चामड्याचे अवशेष दिसतात. अशा प्रती स्वस्त असतात आणि नव्या संग्राहकाला योग्यच असतात. मला वाईट वाटतं ते खंड फोडले जाण्याचं, कारण त्या काळच्या एका वाचकाने कोणत्या पुस्तिका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, ही माहिती त्यात कायमची जाते. तुम्हाला कधी न फोडलेला खंड मिळाला तर तो तसाच राहू द्या आणि विकतानाही तसाच विका. सोडवलेल्या प्रतीत एवढं तपासा: शीर्षकपानाच्या आधीचं, फक्त नाव छापलेलं पान आहे का (बांधणारे ते बरेचदा काढून टाकत), शेवटची जाहिरातीची किंवा कोरी पानं आहेत का, आणि पुन्हा बांधताना कडा इतक्या कापल्या नाहीत ना की वरच्या ओळीलाच धक्का लागला. मूळ टाके शाबूत आणि कडा न कापलेली प्रत दिसली तर तिच्यासाठी जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

जुन्या हाताने लिहिलेल्या नोंदी असलेली प्रत टाळू नका, उलट शोधा. इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात, १६४०पासून पुढे, जॉर्ज टॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने वीस वर्षांत बावीस हजारांच्या आसपास पुस्तिका, पत्रकं आणि वृत्तपत्रं जमवली आणि बहुतेकांवर हातात पडल्याची तारीख टाकली. तो संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि कोणती पुस्तिका कोणत्या दिवशी लोकांच्या हाती आली, हे इतिहासकार त्याच्या शाईवरून सांगतात. तुमच्याच राज्यात फिलाडेल्फियाला पिएर यूजीन दु सिमित्येर नावाचा जिनिव्हाचा चित्रकार होता. क्रांती घडत असतानाच तो पुस्तिका आणि पत्रकं गोळा करत होता. १७८४मध्ये तो कफल्लक अवस्थेत मेला. पुढच्या वर्षी त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला आणि लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फियाने त्याची कितीतरी कागदपत्रं विकत घेतली. ती आजही तिथे आहेत.

फ्रेंच पुस्तिकांबद्दल थोडक्यात. १७८८च्या उन्हाळ्यात सेन्सॉरशिप मोडकळीला आली आणि पॅरिसमध्ये पुस्तिकांचा महापूर आला. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीतच त्या तीस हजारांहून अधिक आहेत आणि स्कॅन करून कुणालाही पाहायला खुल्या आहेत. प्रती एवढ्या उरल्या म्हणून किरकोळ पुस्तिका स्वस्त मिळतात, हे खरं. पण तुम्हाला फ्रेंच वाचता येत नसेल तर घेऊ नका. वाचता न येणाऱ्या वादात कोण कुणाला उत्तर देतंय हे कळणार नाही आणि तुम्ही विक्रेत्याच्या वर्णनावर कायमचे अवलंबून राहाल.

आता तुमच्या पत्नीची शंका, जी या पत्रातली सगळ्यात नेमकी शंका आहे. अमेरिकी कायद्यात चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी प्रामाणिक ग्राहकालाही मिळत नाही. मूळ मालकाने दावा केला तर वस्तू जाते आणि पैशांसाठी विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं. पिट्सबर्गच्या कार्नेगी लायब्ररीतून आतल्याच माणसाने वर्षानुवर्षं दुर्मिळ पुस्तकं आणि नकाशे बाहेर काढले आणि ते जुन्या पुस्तकांच्या व्यापारात विकले गेले. २०१७च्या तपासणीत ते उघडकीला आलं आणि नुकसान ऐंशी लाख डॉलरच्या घरात धरलं गेलं. म्हणून ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर घाबरू नका, पण विचारा. ग्रंथालयं जादा प्रती रीतसर विकतात आणि तेव्हा ‘रद्द’ असा शिक्का किंवा नोंद असते. ती नसेल तर त्या ग्रंथालयाला थेट ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका. शिक्का खरवडल्याची, पाण्याने पुसल्याची किंवा कोपरा कापल्याची खूण दिसली तर विषय संपला. सुरुवातीची काही वर्षं शक्यतो अमेरिकेच्या अँटिक्वेरियन बुकसेलर्स असोसिएशनच्या सभासदांकडूनच घ्या. ही संघटना १९४९पासून आहे, सभासदांना वस्तूच्या अस्सलपणाची आणि मालकीची हमी द्यावी लागते. बिलावर पूर्ण वर्णन लिहून घ्या: गाव, मुद्रक, वर्ष, पानं, उणिवा, सूचीतला क्रमांक. ते बिल पुस्तिकेइतकंच जपा.

भिंतीवर मूळ पुस्तिका नको. उजेडाने कागद आणि शाई दोन्हींचं नुकसान होतं आणि ते भरून येत नाही. चांगला स्कॅन काढून, छापून तो फ्रेम करा, दिवाणखान्यात तितकाच शोभेल. लॅमिनेशन तर अजिबात नको. उष्णतेने प्लास्टिक कागदात वितळतं आणि तुमची पुस्तिका त्या क्षणी संग्रहातून बाद होते. सेलोटेप, फेव्हिकॉल, ब्लीच, इस्त्री यांपैकी काहीही तिच्याजवळ जाऊ देऊ नका. फाटलं असेल तर कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे द्या. तो जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या खळीने जोडतो, आणि ते जोडकाम पुढे कधीही पाण्याने सोडवता येतं. ठेवायला आम्लरहित कागदाचा फोल्डर आणि त्यावर पेटी. तळघर आणि माळा दोन्ही वर्ज्य. घरात माणसांना जिथे बरं वाटतं अशी खोली, आर्द्रता पस्तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान आणि जमेल तितकी स्थिर. हातमोज्यांची गरज नाही. हात धुऊन, नीट कोरडे करून धरा, मोज्यांत बोटांचा अंदाज जातो आणि पान फाटतं. नोंद करायची असेल तर वेगळ्या कागदावर, आणि पेन्सिलीनेच. काही हजारांचा ऐवज झाला की घराच्या विम्यात तो आपोआप येतो असं गृहीत धरू नका, कंपनीला विचारून स्वतंत्र नोंद करून घ्या.

पहिल्या वर्षी तीनपेक्षा जास्त पुस्तिका घेऊ नका. उरलेले पैसे ॲडम्स यांच्या सूच्या आणि एक चांगलं भिंग यांवर खर्च करा.

त्याआधी मुलीला घेऊन फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत जा. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३१मध्ये ती सुरू केली आणि संशोधनासाठी ती आजही सर्वसामान्यांना विनामूल्य खुली आहे. आधी ईमेल करून वेळ ठरवा, कोणत्या पुस्तिका पाहायच्या ते सूचीतल्या क्रमांकांसह लिहा, आणि ‘प्लेन ट्रुथ’ मागायला विसरू नका. एका दुपारी बेलच्या छापखान्यातल्या दोन्ही बाजू हाताळल्यात की कागद कसा लागतो आणि खिळ्यांचा दाब कसा दिसतो ते बोटांना कळेल. मग तुमच्या ऑनलाइन विक्रेत्याचे फोटो पुन्हा उघडून पाहा.